सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

भोपाळच्या चार इमली ह्या वस्तीत माझे मामा सरकारी नोकरीनिमित्त राहतात. नावात चार चिंचा असल्या तरी ही वस्ती मंत्र्यांच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची. सुटीत त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी आम्हां भावंडांना महू दाखवायला नेले. इंदूरच्या पुढे थोड्याच अंतरावर ही जुनी लष्करी छावणी आहे. 2003 साली ह्या गावाला डॉ. आंबेडकरनगर असे नाव देण्यात आले, पण लोकांच्या तोंडी अजून महूच आहे. 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म येथे झाला.

स्मारकात येणारा जो तो बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे हात जोडतो आणि ते योग्यच आहे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे हे कुटुंब एवढ्या दूर माळव्यात आले कसे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या वडिलांच्या, सुभेदार रामजी सकपाळ यांच्या आयुष्यात सापडते. मुलाच्या कीर्तीच्या प्रकाशात हा बाप थोडा झाकून गेला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रामजींचे वडील मालोजी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत शिपाई होते. गावात महार म्हणून ज्याची सावलीही टाळली जाई, त्याच माणसाच्या अंगावर फौजेत गणवेश चढे, हाती बंदूक येई. कंपनीच्या सैन्याने महारांना पिढ्यान्‌पिढ्या भरती करून घेतले होते. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ त्याची साक्ष देतो. ही चाकरी परक्यांची होती, हे खरे. पण स्वकीयांनी ज्याला पाण्याच्या पाणवठ्याजवळ उभे केले नाही, त्याला ह्याबद्दल दोष देण्यापूर्वी आपण जरा थांबावे, असे मला वाटते.

रामजीही वडिलांच्याच वाटेने फौजेत गेले. तेथे त्यांना बंदुकीहून मोलाची एक वस्तू मिळाली, ती म्हणजे शाळा. सैनिकांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, पलटणीत शिकवले जाई. मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग असत. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये रामजींनी शिक्षकाचे शिक्षण घेतले, आणि पुढे सुमारे चौदा वर्षे ते पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. म्हणजे हा सैनिक मुख्यतः मास्तर होता! मराठी उत्तम, इंग्रजी चांगले, गणिताची आवड. शिवाय क्रिकेट आणि फुटबॉलचा षोक. महात्मा जोतीराव फुल्यांविषयी त्यांच्या मनात मोठा आदर होता. घराणे कबीरपंथी. घरात मद्यमांस वर्ज्य आणि पहाटे भजने.

त्यांची पत्नी भीमाबाई ही मुरबाडकर घराण्यातली. तिचे वडील आणि चुलते हे सारे फौजेतले सुभेदार-मेजर. माहेर संपन्न, सासर गरीब. त्यावरून माहेरच्यांनी तिला दूर लोटले, तेव्हा श्रीमंती आल्यावाचून माहेरची पायरी चढणार नाही, असा तिने निश्चय केल्याचे चरित्रकार सांगतात. तिला चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे व मंजुळा आणि तुळसा ह्या मुली जगल्या. चौदावे अपत्य भीमराव. छावणीतून छावणीत हिंडणाऱ्या त्या बिऱ्हाडात किती पाळणे रिकामे झाले असतील, ह्याचा हिशेब वाचणाऱ्यानेच करावा.

भीम वर्षाचा असेल-नसेल, तोच 1892 साली एक मोठा आघात झाला. सरकारने फौजेत महारांची भरती बंद केली. तेव्हाचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या विचाराची माणसे हिंदी लोकांची लढवय्या आणि बिनलढवय्या अशी वाटणी करू लागली होती, आणि त्या वाटणीत महारांना जागा उरली नाही. ज्यांच्या बळावर मुलूख जिंकले, तेच आता नालायक ठरले. भरती थांबली म्हणजे पगार थांबला, आणि शाळाही थांबली; कारण गावच्या शाळेत ह्या मुलांना बसू देणार कोण?

ह्या हुकमाविरुद्ध सरकारकडे अर्ज गेला. त्याची एक प्रत बाबासाहेबांना पुढे वडिलांच्या कागदपत्रांत सापडली. चौकशी केली तेव्हा तो अर्ज न्यायमूर्ती रानड्यांनी लिहून दिला होता असे त्यांना समजले. हे त्यांनी 1943 साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात सांगितले. अर्जाचा तेव्हा काही उपयोग झाला नाही. पण एका सुभेदाराने ती प्रत आयुष्यभर जपून ठेवली.

पुढे रामजी निवृत्त होऊन कोकणात दापोलीस आले. तेथे पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. पेन्शनीत भागेना, म्हणून साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात कोठीवाल्याची नोकरी धरली. साताऱ्यातच 1896 साली भीमाबाई वारल्या. मुलांना सांभाळले ते रामजींची बहीण मीराबाई हिने. ही आत्या पाठीने अधू होती, पण पोरक्या भीमाला तिने जी माया दिली ती आईचीच. काही काळाने रामजींनी जिजाबाई नावाच्या विधवेशी दुसरा विवाह केला. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमाचे मन कडू झाले.

7 नोव्हेंबर 1900 रोजी रामजींनी भीमाला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत घातले. महाराष्ट्रात 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलाचा हात धरून त्या शाळेची पायरी चढणारा बाप मात्र त्या दिवशी कोणाला आठवत नाही.

1901 मध्ये रामजी खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी त्यांच्याकडे जायचे ठरले. भीम, त्याचा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरले. निघण्याचे पत्र आधीच धाडले होते, पण शिपायाने ते रामजींना दिलेच नव्हते. कोणी न्यायला आले नाही. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालावे ह्या अटीवर. रात्रभर मुलांना पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली तेव्हा बाप चकित झाला. चौदा वर्षे शिपायांच्या मुलांना शिकवलेल्या मास्तरच्या स्वतःच्या मुलांची ही वाटचाल.

त्यानंतर कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीत एका खोलीत आले. येथे रामजींनी पलटणीतली शाळा जणू घरातच मांडली. तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांवर मुलाचे इंग्रजी घटवून घेतले, रामायण-महाभारत वाचून घेतले. ह्या पोथ्या कशाला, असे मुलाने विचारले, तेव्हा द्रोण आणि कर्ण हीन स्थितीतून किती वर चढले हे आपल्या लोकांनी ओळखावे, असा खुलासा बापाने केला. एका खोलीत दिवसा अभ्यास कसा व्हावा? म्हणून भीम लवकर निजे. बाप रात्री दोनपर्यंत जागा राही आणि मग मुलाला उठवून स्वतः आडवा होई. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी धाकट्या मुलीकडे जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडून दागिना घेऊन गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत नेऊन देत. मंजुळा आणि तुळसा ह्या बहिणींच्या दागिन्यांवर ते ग्रंथालय उभे राहिले, हे विसरून चालणार नाही.

बी.ए. झाल्यावर जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. रामजींच्या मनात ते नव्हते. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव उतरले आणि गाडी सुटून गेली. ते पोचले दुसऱ्या दिवशी. खोल गेलेले डोळे मुलाला शोधत होते. रामजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913 चा. मुलगा अमेरिकेला गेला तो त्याच वर्षी. बापाला ते पाहायला मिळाले नाही. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

आणि त्या अर्जाचे काय झाले? पहिल्या महायुद्धात 1917 साली गरज पडली तेव्हा भरती उघडली, युद्ध संपताच पुन्हा मिटली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी तो प्रश्न हाती घेतला. 1 ऑक्टोबर 1941 रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती आपल्या ह्याच बेळगावात. आज त्या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. रामजी जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.