फोर्ट मायर्सचा एडिसन

फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे मोटारीने जाणारे प्रवासी फोर्ट मायर्स येथे थांबतात, ते बहुधा कॅलूसाहॅची नदीच्या काठावरील दोन शेजारी घरे पाहण्यासाठी. एक टॉमस आल्वा एडिसनचे, दुसरे हेन्री फोर्डचे. दोन्ही हिवाळी निवासस्थाने आहेत आणि दोन्ही जतन करून ठेवलेली आहेत. एडिसनच्या चरित्रकारांनी ह्या घराकडे पुष्कळदा विश्रांतिस्थान म्हणूनच पाहिले. आपल्याकडील बालवाङ्मयातला एडिसन तर विजेचा दिवा पेटताच जणू संपतो. दिवा पेटला तेव्हा तो अवघा बत्तीस वर्षांचा होता. पुढे तो बावन्न वर्षे जगला. त्या उरलेल्या आयुष्याचा एक महत्त्वाचा धागा फोर्ट मायर्सला सापडतो.

त्याचे पूर्वायुष्य सर्वपरिचित आहे. जन्म ११ फेब्रुवारी १८४७, ओहायोतील मायलन येथे. शालेय शिक्षण नाममात्र. आगगाडीत वर्तमानपत्रे विकणे, तारायंत्रावरील नोकरी, लहानपणीच आलेला बहिरेपणा. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दिवा आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र. यशाची ही चढती कमान १८८४ च्या ऑगस्टमध्ये घरातच मोडली. पत्नी मेरी ऐन तारुण्यात वारली. मागे तीन मुले राहिली.

पुढच्याच वर्षी मित्र एझ्रा गिलिलँड ह्याच्यासह तो फ्लॉरिडात आला आणि त्या वेळी केवळ गुराख्यांची वस्ती म्हणता येईल अशा फोर्ट मायर्सला त्याने नदीकाठची तेरा एकरांहून अधिक जमीन घेतली. त्याच वर्षीच्या जुलैत त्याने दहाएक दिवस एक रोजनिशी लिहिली. टिपणवह्यांचे डोंगर रचणाऱ्या ह्या माणसाच्या खाजगी लेखनाचा हा जवळजवळ एकमेव नमुना. स्वप्ने, वाचलेल्या पुस्तकांवरचे खोडकर शेरे आणि माइना मिलर ह्या तरुणीचा वारंवार येणारा उल्लेख, हा तिचा ऐवज. प्रयोगवह्यांत न भेटणारा एक विनोदी, किंचित भांबावलेला माणूस तिच्यात भेटतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ती अवश्य वाचावी. तारायंत्राची कडकट्ट भाषा त्याने माइनाला शिकवली आणि लग्नाची मागणीही त्याच भाषेत तिच्या तळहातावर घातली, असे तो पुढे सांगत असे. विवाह २४ फेब्रुवारी १८८६ रोजी झाला. तो एकोणचाळीस वर्षांचा, ती वीस वर्षांची. नवपरिणीत दांपत्य थेट फोर्ट मायर्सला आले. घराचे लाकूड मेन राज्यात कापून जहाजाने आणविलेले होते. एकाच नमुन्याची दोन घरे उभी राहिली, एक स्वतःसाठी व एक गिलिलँडसाठी.

मैत्री मात्र टिकली नाही. १८८८ मध्ये फोनोग्राफच्या हक्कांच्या व्यवहारात गिलिलँडने आपल्याला फसविले अशी एडिसनची खात्री झाली. ह्यानंतर १९०१ पर्यंत तो ह्या घराकडे फिरकला नाही. ह्या मधल्या काळात न्यू जर्सीच्या डोंगरात चुंबकाने लोहखनिज वेगळे काढण्याच्या उद्योगात त्याची मोठी संपत्ती बुडाली. लोकप्रिय चरित्रांत ह्या प्रकरणाला फारशी जागा नसते.

हेन्री फोर्ड एके काळी डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीत अभियंता होता. १९१४ मध्ये तो येथे पाहुणा म्हणून आला व १९१६ मध्ये त्याने शेजारचे घर विकत घेतले. त्या घराचे नाव आंब्यावरून पडलेले आहे. शेजाऱ्यांच्या ह्या बैठकीत टायरसम्राट हार्वी फायरस्टोनही असे. १९२२ मध्ये इंग्रजांनी मलाया व सिलोन येथील रबराच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. मोटारींवर धावणाऱ्या देशाला रबर मात्र परक्यांच्या वसाहतींतून येते, युद्ध झाले तर काय, ही चिंता तिघांनाही भेडसावू लागली. १९२७ मध्ये त्यांनी एडिसन वनस्पतिसंशोधन संस्था काढली. एडिसन तेव्हा ऐंशी वर्षांचा होता.

त्याची रीत जुनीच होती. दिव्याच्या तंतूसाठी त्याने हजारो वनस्पतींचे धागे जाळून पाहिले होते आणि अखेर जपानी बांबूची निवड केली होती. आता चीक असलेल्या वा नसलेल्या सुमारे सतरा हजार नमुन्यांची परीक्षा झाली. माणसे देशभर पाठवून झाडपाला गोळा केला गेला, वाळवला, दळला, रसायनांत भिजवला. परीक्षेतल्या वृक्षांत वडाच्या कुळातलेही होते. आवारातला विस्तीर्ण वड त्याच दशकात लावलेला. शेवटी निवड झाली ती शेवंतीच्या कुळातल्या गोल्डनरॉड ह्या रानटी झुडपाची. निवडक बियाण्यांतून बारा फूट उंचीची, पानांत बारा टक्क्यांपर्यंत रबर असलेली रोपे वाढविण्यात आली. पण बांबूच्या वेळी साधले ते येथे साधले नाही. हे रबर हेव्हिआच्या चिकाच्या तोडीचे नव्हते आणि काढणेही परवडणारे नव्हते. चाळणी तीच, चाळणाराही तोच; पण ह्या खेपेस हवे ते धान्य ढिगाऱ्यात नव्हतेच, असे माझे मत आहे. रेणूंच्या रचनेपासून निघणाऱ्या रसायनशास्त्राचा काळ येऊन ठेपला होता, आणि एडिसनचा त्या शास्त्रावर कधीच फारसा भरवसा नव्हता.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे त्याचे निधन झाले. काम काही काळ रेटले गेले. १९३४ मध्ये ते सरकारी शेतीखात्याकडे गेले. १९४२ मध्ये जपानने आग्नेय आशियातील मळे घेतले आणि एडिसनची भीती अक्षरशः खरी ठरली. उत्तर मात्र गोल्डनरॉडमधून आले नाही. ते खनिज तेलापासून बनविलेल्या कृत्रिम रबरातून आले.

माइनाने १९४७ मध्ये घर आणि बाग नाममात्र एका डॉलरला नगरपालिकेला दिली व त्याच वर्षी ती वारली. फोर्डचे घर १९९० मध्ये लोकांसाठी खुले झाले. जुनी प्रयोगशाळा फोर्डने १९२८ मध्येच उचलून मिशिगनमधील आपल्या संग्रहालयात नेली होती. आज फोर्ट मायर्सला दिसते ती त्याच वर्षी रबरासाठी बांधलेली दुसरी. दळण्याची यंत्रे आणि काचपात्रे तिच्यात मांडून ठेवलेली आहेत.