प्राध्यापक पॅट्रिक गेडिस : पानापासून नगरापर्यंत

मनुष्य कशावर जगतो, असा प्रश्न कोणी केला तर आपण अन्नपाणी असे उत्तर देऊ. एखादा व्यवहारी गृहस्थ पैसा असे सांगेल. स्कॉटलंडातील डंडी येथे वनस्पतिशास्त्र शिकविणारे प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ साली आपल्या विद्यार्थ्यांचा निरोप घेताना याचे निराळेच उत्तर दिले. मनुष्य हिरव्या पानावर जगतो, असे त्यांचे म्हणणे होते. पान सूर्याचा प्रकाश ग्रहण करून अन्न निर्माण करते. आपल्या ताटातील भाकरी, गाईचे दूध, चुलीतील लाकूड व खाणीतील कोळसा ही सर्व त्या पानाचीच कमाई होय. तिजोरीतील धन हे त्या कमाईचे केवळ चिन्ह. ज्यांचे सारे आयुष्य या एका विचाराभोवती गुंफलेले होते, अशा या पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गेडिससाहेबांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडातील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पुढे हे कुटुंब पर्थ गावाजवळ टेकडीच्या उतारावर राहावयास गेले. वडिलांबरोबर बागेत काम करणे व डोंगर चढणे हीच या मुलाची पहिली शाळा. टेकडीवरून खाली पाहिले म्हणजे टे नदी, तिच्या काठचे गाव, पलीकडची शेते व दूरवर समुद्राकडे जाणारा प्रवाह, हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसे. डोंगरावरील खाणकामगार व लाकूडतोड्या, उतारावरील मेंढपाळ, सपाटीवरील शेतकरी आणि किनाऱ्यावरील कोळी ही एकाच खोऱ्याची लेकरे आहेत, असे त्यांनी पुढे जगास शिकविले. त्या शिकवणुकीचे बीज या टेकडीवर रुजले होते.

तरुणपणी ते एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकावयास गेले. परंतु तेथील शिक्षण त्यांस इतके निर्जीव वाटले की एका आठवड्यातच त्यांनी ते सोडून दिले आणि लंडन येथे सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ हक्सले यांचे शिष्यत्व पत्करले. सूक्ष्मदर्शकाखाली जीवांचे निरीक्षण करण्यात ते लवकरच निष्णात झाले. १८७९ साली शास्त्रीय नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिको देशी गेले असता त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. त्यांची दृष्टी अधू झाली व कित्येक आठवडे त्यांस अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. ज्याचे सारे शास्त्र डोळ्यांवर अवलंबून, त्याने अंधारात काय करावे? एके दिवशी चाचपडताना त्यांचा हात खिडकीच्या तावदानांवर पडला. प्रत्येक चौकटीत एकेक विचार मनाने बसवावा आणि शेजारच्या चौकटीशी त्याचे नाते काय, हे शोधावे, असा क्रम त्यांनी सुरू केला. पुढे कागदाला घड्या घालून ते हाच अभ्यास आयुष्यभर करीत राहिले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्ववत होईना. बारीक वस्तू पाहण्याचे सुख त्यांनी गमाविले. मात्र वस्तूवस्तूंमधील संबंध पाहण्याची दृष्टी त्यांस लाभली.

ही दृष्टी त्यांनी केवळ पुस्तकात ठेविली नाही. १८८६ साली ॲना मॉर्टन या सुशील व कर्तबगार स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याने आपले बिऱ्हाड एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट नावाच्या गलिच्छ चाळीत थाटले. गरिबांस दुरून उपदेश करण्यापेक्षा त्यांचे शेजारी व्हावे, असा त्यांचा विचार. पतिपत्नींनी हातात झाडू व चुन्याची बादली घेतली, शेजाऱ्यांस जोडीला घेतले, भिंती सफेद केल्या आणि मोकळ्या तुकड्यांवर बागा लाविल्या. १८९२ साली त्याच भागातील एक मनोरा त्यांनी हाती घेतला. त्याच्या माथ्यावर आरशाच्या व भिंगाच्या योगाने सर्व शहराचे हालते चित्र एका मेजावर उमटत असे. ते पाहून खाली उतरत जावे, तो एका मजल्यावर शहर, पुढे स्कॉटलंड, पुढे युरोप व तळाशी सर्व जग मांडलेले. आपल्या गल्लीचा जगाशी संबंध आहे, हा पाठ पाहुण्यास पायऱ्या उतरता उतरताच मिळे.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. शहरांविषयीचे नकाशे व चित्रे यांचे मोठे प्रदर्शन ते येथे मांडणार होते. परंतु ते वाहून आणणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. त्यांनी हातपाय गाळले नाहीत. मित्रांनी नवीन सामग्री जमवून पाठविली आणि १९१५ साली मद्रास येथे प्रदर्शन भरले. यापेक्षाही कठोर आघात १९१७ साली झाला. एप्रिलमध्ये त्यांचा थोरला मुलगा फ्रान्समध्ये रणांगणावर पडला. त्या वेळी पत्नी आजारी होती. तिला धक्का सोसवणार नाही म्हणून त्यांनी ही वार्ता तिच्यापासून लपविली. आणि जून महिन्यात, पुत्र गेल्याचे न कळताच, तिनेही डोळे मिटले. दोन महिन्यांत दोन जिवलग गेले. असे दुःख उराशी धरूनच त्यांनी होळकरांच्या इंदूर शहराचे काम केले.

इंदुरात त्या काळी प्लेगचे भय होते. घरे पाडून रुंद रस्ते काढावे, हा नेहमीचा उपाय. पण पाडलेल्या घरांतील माणसे जाऊन दुसऱ्या घरांत दाटी करतात, हे गेडिससाहेबांनी ओळखले होते. चांगला वैद्य आधी नाडी पाहतो व मग औषध देतो. शस्त्र लागलेच तर ते अगदी बेताने चालवितो. शहराचेही तसेच करावे, असे त्यांचे मत. म्हणून ते दिवसेंदिवस गल्लीबोळांतून पायी हिंडले. जुनी तळी बुजवू नयेत, नदीचे घाट राखावे, एखादेच पडके घर काढून तेथे अंगण व झाड करावे आणि शहराचा मैला बागांस खत म्हणून द्यावा, असे त्यांचे सांगणे होते. १९१८ साली त्यांनी दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला.

परंतु अहवाल किती लोक वाचणार? दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था दरबाराने त्यांच्याकडे सोपविली, तेव्हा त्यांनी जाहीर केले की जो रस्ता सर्वांत स्वच्छ असेल त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. मग काय विचारता! घरोघर झाडलोट, रंगरंगोटी व डागडुजी सुरू झाली. कचऱ्याच्या गाड्यांमागून गाड्या गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस व प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांचे शेवटी दहन झाले. शुभ्र पोशाख घातलेले झाडूवालेही त्या मिरवणुकीत मानाने चालले, आणि लोकांस तुळशीची रोपे वाटण्यात आली. ज्यांच्या श्रमावर शहराचे आरोग्य उभे, त्यांस त्या दिवशी सर्वांदेखत सन्मान मिळाला. पानापासून माणसापर्यंत सारे एकच आहे, हे व्याख्यानाने जे पटले नसते ते एका सणाने पटविले.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे पहिले प्राध्यापक होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांचे गुण ओळखून त्यांस विलायतेस पाठविण्याची शिफारस त्यांनीच केली. पुढे घुर्यांनी हाच विभाग चालवून हिंदी समाजशास्त्राचा पाया घातला. १९२४ साली प्रकृतीच्या कारणाने गेडिससाहेब फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तेथे ओसाड माळावर त्यांनी विद्यालय व बाग उभारली, आणि तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यात उणेपणा नव्हता असे आम्ही म्हणत नाही. ते एक काम पुरे होण्याआधी दुसरे आरंभीत, आणि त्यांच्या कित्येक योजना कागदावरच राहिल्या. परंतु त्यांनी दिलेला इशारा आज अधिकच खरा ठरला आहे. खाणीतील कोळसा ही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांची शिल्लक. ती शिल्लक मनुष्याने दोन-अडीच शतकांत जाळावयास काढली. त्यामुळे हवेतील कर्बवायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते ते ४२० च्या वर गेले व पृथ्वी तापू लागली. ज्या मुंबईत त्यांनी अध्यापन केले, तेथे मिठी नदीचे पात्र भराव व बांधकामे यांनी आवळले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीने आपली जागा परत मागितली आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. रस्ता बांधणाऱ्याने रस्ता पाहिला, घर बांधणाऱ्याने घर पाहिले. खोरे मात्र कोणीच पाहिले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी वैद्य होईल, कोणी स्थापत्यविशारद, कोणी व्यापारी, कोणी शेतकरी. आपापल्या विषयात तुम्ही अवश्य प्रवीण व्हा. परंतु त्याआधी एकदा गावाबाहेरची टेकडी चढा आणि खाली पाहा. तुमचे पाणी कोठून येते, तुमचा कचरा कोठे जातो, तुमची भाकरी कोणाच्या शेतातून येते, याचा शोध घ्या. आणि घरी येऊन तो आपल्या वडीलधाऱ्यांसही सांगा. पर्थच्या टेकडीवर एका मुलाने असेच पाहिले होते.