आचार्य धर्मानंद कोसंबी यांची संतुट्ठी



महामंगलसुत्त आपण दर वंदनेत म्हणतो. त्यात सांगितलेल्या मंगलांपैकी एक आहे 'संतुट्ठी', म्हणजे समाधान. पण अप्रेझल, घराचे हप्ते आणि व्हिसा यांच्या धावपळीत ते टिकवायचे कसे? माझ्यासारख्या आयटीत नोकरी करणाऱ्याला याचे उत्तर आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात सापडते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. 'बालबोधमेवा' या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांना धम्म जाणून घेण्याची ओढ लागली आणि १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या ज्ञानसाधनेची किंमत या दोघींनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. १९०२ मध्ये श्रीलंकेत जाऊन त्यांनी विद्योदय परिवेणात पालीचा अभ्यास केला. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानसाधना केली. १९०६ नंतर गृहस्थ म्हणून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले.

तिथे त्यांची कसोटी लागली. कलकत्ता विद्यापीठात महिना २५० रुपये मिळण्याची संधी समोर होती. त्याच सुमारास महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दुसरा प्रस्ताव दिला: महाराष्ट्रात राहून काम करा, बडोदा संस्थानासाठी पुस्तके लिहा, महिना ५० रुपये मिळतील. धर्मानंदांनी ५० रुपये निवडले. आपल्या मराठी माणसांना बुद्ध त्यांच्याच भाषेत कळावा, हे काम त्यांना पगारापेक्षा मोठे वाटत होते. १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक आले.

त्याच वर्षी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांनी तिथे एकूण चार वेळा वास्तव्य केले. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले होते. फळ हाती येण्याची वाट न पाहता समोरचे पान नीट तपासणे, हेच त्यांचे रोजचे काम होते.

इथे आपल्यापैकी अनेकांना प्रश्न पडेल. आहे त्यात समाधान माना, हेच तर आपल्या पूर्वजांना पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले! बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला आणि संघर्ष करायला लावले, म्हणून तर आज आपण परदेशात आहोत. मग संतुट्ठी म्हणजे गप्प बसणे का?

धर्मानंद गप्प बसले नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून त्यांनी तुरुंगवास पत्करला. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. स्वतःच्या गरजांबाबत ते समाधानी होते, समाजातील अन्यायाबाबत नव्हते.

धम्मबंधू आणि भगिनींनो, हा फरक लक्षात ठेवू या. मुलांना शिकवावे, कौशल्य वाढवावे, हक्कासाठी लढावे. हे सारे धम्माला धरूनच आहे. पण पुढच्या पदावर गेल्यावरच सुखी होईन, ही अट मनाला घालू नये. आज हाती असलेले काम आणि आज घरात असलेली माणसे यांच्याकडे पूर्ण लक्ष द्यावे. संतुट्ठी तिथूनच सुरू होते.

जय भीम!