उजेडाचे कारागीर बाबूराव पेंटर

बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे खरे आडनाव मेस्त्री. घरात सुतारकाम आणि चित्रकला दोन्ही होती. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून सगळे त्यांना पेंटर म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आपणही सिनेमा काढायचा, असे या भावांच्या मनाने घेतले. पण कॅमेरा कुठून आणणार? तो यायचा विलायतेहून. मग यांनी स्वतःच बनवायला घेतला! १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्धेच राहिले होते. मला वाटले, आता संपलेच सगळे. पण बाबूरावांनी दामले यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला.

शाहू महाराजांनी १९१७ साली आपले जयसिंगपूर वसवले. त्याच सुमारास कोल्हापुरात बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला.

त्या काळी चित्रण सूर्याच्या उजेडातच चालायचे. ढग आले की काम बंद. आणि डोक्यावरचे ऊन तर फार वाईट. डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळीकुट्ट सावली पडते, माणूस ओळखू येत नाही. म्हणून वर पांढरे कापड ताणून ऊन मऊ करतात. समोरून पांढरी किंवा चंदेरी फळी धरली, की तिच्यावरचा उजेड सावलीत जातो. तिला रिफ्लेक्टर म्हणतात. सावली कुठे ठेवायची आणि कुठे घालवायची, हे चित्रकाराला बरोबर कळते. बाबूराव तर प्रसंग आधी कागदावर काढायचे.

आमच्या बाईंनी हे वर्गात करून दाखवले. एका मुलीला खिडकीजवळ आडवे बसवले. तिचा एक गाल उजळ, दुसरा काळा. काळ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला, तर तो गालही दिसू लागला आणि डोळे चमकले! पुठ्ठा फार जवळ नेला, तर चेहरा सपाट दिसतो बरं का. पालकांनीही घरी करून बघावे. खर्च काही नाही.

पण तानाजी तर गड रात्री चढला. म्हणून १९२३ च्या ‘सिंहगड’साठी बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरले. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात कर्जापायी शेतकऱ्याची जमीन जाते. मला हाच त्यांचा सर्वांत मोठा सिनेमा वाटतो.

१६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले. कोल्हापूरला गेलात, तर खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ जरूर बघा.