दुष्काळाकडे निघालेल्या रमाबाई

आजचं वाचन स्तोत्रसंहिता 56:3.

बेंबळीत पाऊस लांबला की पोटात गोळा येतो. तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी विशी गाठण्याआधीच दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. उपासमार त्यांनी स्वतः सोसली होती.

1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडेच गेल्या आणि शेकडो मुली, विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन असं वाढलं. एवढ्या जणींना रोज काय वाढायचं? ती काळजी त्या प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवत.

प्रभू, दारात भुकेला उभा असताना आधी आमची कणगी बघायची सवय मोडून टाक. आमेन.