प्राध्यापक पनेट आणि त्यांच्या कोंबड्या

विज्ञानाच्या तासास पनेटची चौकट आखली नाही असा विद्यार्थी आज विरळाच. परंतु ती चौकट ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या गृहस्थांच्या आयुष्याचा मोठा भाग कोंबड्यांच्या सहवासात गेला, हे आमच्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

रेजिनाल्ड क्रंडल पनेट यांचा जन्म २० जून १८७५ रोजी इंग्लंडातील टनब्रिज गावी झाला. बालपणी आजारपणात सृष्टिविज्ञानाची पुस्तके हाती पडली आणि तो नाद जन्मभर टिकला. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते आरंभी समुद्रातील कृमींचा अभ्यास करीत. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले. त्यांचे खंदे पुरस्कर्ते विल्यम बेटसन यांना पनेट लवकरच येऊन मिळाले.

दोघांनी कोंबड्यांच्या तुऱ्याचा छडा लावला. गुलाबी घाटाचा तुरा आणि वाटाण्याच्या घाटाचा तुरा यांचा संकर केला असता, दोहोंपेक्षा निराळा, अक्रोडासारखा तुरा उपजे. त्याच्या पुढल्या पिढीत चारही प्रकार ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात दिसत. दोन घटक मिळून एक अवयव घडवितात, हे त्यातून कळले.

तुरा डोळ्यांना दिसतो, वजनाचे काय? पनेट व बेली यांनी हॅम्बर्ग जातीची कोंबडी आणि चिमुकली सेब्राइट यांचा संकर केला. नातवंडांत काही हॅम्बर्गहून थोर, तर काही सेब्राइटहूनही लहान निघाली! वजनामागे चार घटक असावेत, असा निष्कर्ष त्यांनी १९१४ साली मांडला. पुढे त्यांनी अंड्याचा रंग व खुडूक बसण्याची खोड यांचाही माग घेतला. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, हे आमच्या आज्यांना शास्त्रावाचूनही माहीत होते. ती खोड पिढीजात उतरते कशी, हा प्रश्न मात्र पनेटांचा.

पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई असताना त्यांनी सुचविले की सोनेरी कोंबडा व रुपेरी कोंबडी यांची पिले रंगावरूनच ओळखावी : माद्या सोनेरी, नर रुपेरी. म्हणजे नको असलेल्या नरांवर दाणा खर्ची पडणार नाही.

एवढ्या चतुर माणसाच्या हातून एक मोठी गोष्ट निसटली, याची आम्हांस हळहळ वाटते. १९०५ साली स्वीट पीच्या फुलझाडात दोन गुण जोडीने उतरताना बेटसन, पनेट व सॉन्डर्सबाई यांनी पाहिले होते. ते घटक एकाच गुणसूत्रावर असावेत, हे त्यांना सुचले नाही. ते श्रेय अमेरिकेतील मॉर्गन यांस गेले. १९१३ साली त्यांचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने घटकांचा पहिला नकाशाही काढला. कोंबडीचा नकाशा १९३० साली रशियातील सेरेब्रोव्स्की व पेत्रोव्ह यांनी रेखिला. आपल्या हातून हे कसे निसटले, ते पनेट यांनी १९५० साली एका लेखात मोकळेपणी सांगितले. असा सरळपणा थोरांतही दुर्मीळ.

१९१२ ते १९४० ते केंब्रिजचे आनुवंशिकीचे प्राध्यापक होते. बेटसन यांच्यासह त्यांनी १९१० साली काढलेले नियतकालिक पुढे हॉल्डेन यांच्याबरोबर भारतात आले आणि येथेच रुजले. ३ जानेवारी १९६७ रोजी पनेट निवर्तले. त्यांच्या तुऱ्यांचे घटक नेमके कोठे आहेत, ते २००९ व २०१२ साली उमगले : वाटाणी तुऱ्याचा पहिल्या गुणसूत्रावर, गुलाबी तुऱ्याचा सातव्यावर.