डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची उमेदवारी

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा त्यांच्या पराक्रमावर खिळते. त्या पराक्रमाची तयारी ज्या काळांत झाली, तो काळ आपण दोन ओळींत उरकून टाकतों. आफ्रिका खंडाचा अंतर्भाग पायांखालीं घालणारे डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांना भूगोलाच्या पुस्तकांतून ठाऊक आहे. परंतु हेच गृहस्थ परदेशीं सेवेला जाण्यास अपात्र ठरून घरीं परत धाडले जाण्याच्या बेतांत होते, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांच्या त्या उमेदवारीच्या दिवसांचा वृत्तान्त येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण शिकणाऱ्यांना आणि शिकविणाऱ्यांनाही त्यांत घेण्यासारखें पुष्कळ आहे.

डेव्हिडचा जन्म १९ मार्च १८१३ रोजीं स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गांवीं एका गरीब कुटुंबांत झाला. गांव क्लाइड नदीच्या कांठीं असून तेथील लोकांचें पोट कापसाच्या गिरणीवर चाले. वयाच्या दहाव्या वर्षीं डेव्हिड त्या गिरणींत लागला. तुटलेलें सूत सांधणें हें त्याचें काम. वेळ सकाळीं सहापासून रात्रीं आठपर्यंत. त्यानंतर दहा वाजेपर्यंत रात्रीची शाळा. पहिल्या आठवड्याच्या मजुरींतून त्यानें लॅटिन भाषेचें व्याकरण विकत घेतलें. घरीं आल्यावर तो मध्यरात्रीपर्यंत वाचीत बसे आणि शेवटीं आई त्याच्या हातांतून पुस्तक हिसकावून घेई. दिवसा तो सूत काढण्याच्या यंत्रावर पुस्तक उघडें टेकवून ठेवी व येतां जातां एकेक वाक्य वाचून घेई. यंत्रांचा गोंगाट चालू असतांना चित्त एकाग्र करण्याची ही संवय पुढें आफ्रिकेंतील मुक्कामांवर त्याला फार उपयोगी पडली.

चीनमध्यें काम करणारे गुट्झलाफ यांनीं वैद्यकी जाणणारे सेवक त्या देशीं पाठविण्याविषयीं युरोप व अमेरिका येथील मंडळ्यांना विनंति केली होती. ती वाचून डेव्हिडच्या मनानें घेतलें कीं, आपण वैद्य व्हावें आणि चीनला जावें. १८३६ सालीं हिंवाळ्यांत तो बापाबरोबर बर्फांतून पायीं ग्लासगोला गेला, आणि स्वस्त खोली शोधतां शोधतां दोघांनीं सारें शहर पालथें घातलें. शेवटीं आठवड्याला दोन शिलिंग भाड्याची एक खोली मिळाली. तेथील अँडरसन कॉलेजांत त्यानें वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. सत्र संपलें कीं तो पुन्हां गिरणींत जाई आणि पुढील सत्राचा खर्च मजुरी करून जमवी.

नंतर त्यानें लंडन मिशनरी सोसायटीकडे अर्ज केला व १८३८ सालीं भेटीसाठीं त्याला लंडनचें बोलावणें आलें. संचालकांनीं त्याला परीक्षणार्थ म्हणून एसेक्स परगण्यांतील चिपिंग ओंगर या लहानशा गांवीं पाठविलें. तेथें रेव्ह. रिचर्ड सेसिल यांच्या देखरेखीखालीं परदेशीं जाऊं इच्छिणारे कांहीं तरुण एकत्र राहून अभ्यास करीत. लॅटिन, ग्रीक, हिब्रू व ईश्वरज्ञान हे त्यांचे विषय होते. कौटुंबिक उपासना विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें चालवावी असा नियम होता. शिवाय प्रत्येकानें उपदेश लिहून गुरूंना दाखवावा, त्यांनीं दुरुस्त केल्यावर तो मुखोद्गत करावा आणि आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांपुढें म्हणून दाखवावा, अशी शिक्षणाची पद्धति होती. आमच्या वाचकांपैकीं जे वसतिगृहांत राहिले आहेत त्यांना हें जीवन ओळखीचें वाटेल. अशा ठिकाणीं मनुष्याची परीक्षा कागदावर थोडी आणि जेवणाच्या मेजाशीं, प्रार्थनेच्या वेळीं व सोबत्यांच्या सहवासांत अधिक होते.

या परीक्षेंत डेव्हिड मागें पडला. त्याचें बोलणें जड, चालरीत खेडवळ. उपासना चालवितांना तो अडखळे. आयत्या वेळीं करावयाची प्रार्थना त्याला साधेना. एका रविवारीं शेजारच्या स्टॅनफर्ड रिव्हर्स या गांवचे पाळक अकस्मात् आजारी पडले म्हणून संध्याकाळच्या उपदेशासाठीं त्याला पाठविण्यांत आलें. त्यानें शास्त्रवचन सावकाश वाचलें आणि मग पाठ केलेला उपदेश त्याच्या मनांतून पार उडून गेला. आपण सर्व विसरलों एवढें लोकांना सांगून तो व्यासपीठावरून उतरला व मंदिराबाहेर निघून गेला.

परंतु त्याच तरुणाची दुसरीही एक परीक्षा त्याच ओंगरांत झाली. तिची नोंद मात्र कोणत्याही वहींत झाली नाहीं. त्याचा सोबती जोसेफ मूर, जो पुढें ताहिती बेटांत सेवेला गेला, त्यानें ती हकीकत सांगून ठेविली आहे. नोव्हेंबर महिन्यांतील एका धुक्याच्या दिवशीं, पहांटे तीन वाजतां, डेव्हिड थोरल्या भावाच्या एका कामासाठीं पायींच लंडनला निघाला. लंडन तेथून वीस मैलांहून अधिक दूर. वाटेंत अंधारांत तो खंदकांत पडला. दिवसभर शहरांत हिंडून काम उरकल्यावर तो पुन्हां पायींच परत निघाला. एडमंटनजवळ गाडींतून पडून बेशुद्ध झालेली एक बाई त्याला आढळली. तिला उचलून जवळच्या घरांत नेण्यास त्यानें हात दिला, हाड मोडलें नाहीं ना हें पाहिलें, वैद्याला बोलावण्यास सांगितलें आणि मग तो पुढें चालूं लागला. रात्रीं वाट चुकली. पाय सुजलेले, अंगांत त्राण नाहीं. अशा स्थितींत तो वाट दाखविणाऱ्या खांबावर चढला आणि चांदण्यांच्या उजेडांत त्यावरील अक्षरें वाचून त्यानें आपला रस्ता शोधला. मध्यरात्रीच्या सुमारास तो ओंगरला पोंचला तेव्हां त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मूरनें त्याला अंथरुणावर निजविलें.

पुढील आयुष्यांत हजारों मैल चालणारा प्रवासी या एका दिवसांत पुरता दिसतो. स्टॅनफर्ड रिव्हर्स येथील एका लेखकाचा लहान मुलगा त्याच्याबरोबर रानांत फिरावयास जाई. सुमारें चाळीस वर्षांनंतर त्या मुलानें लिहून ठेविलें कीं, सेसिल यांच्या विद्यार्थ्यांपैकीं केवळ या एकाचीच छाप आपल्या मनावर उमटली. त्याची ठाम, पुढें पडणारी पावलें आपल्याला अजून आठवतात. मोठ्यांच्या नजरेंतून जें निसटलें तें एका बालकानें टिपलें होतें.

सेसिल यांचा अहवाल संचालकांपुढें आला. त्यांत वैगुण्यें स्पष्ट मांडलीं होतीं. सेसिल हे अन्यायी नव्हते; जें दिसलें तें त्यांनीं लिहिलें, आणि या तरुणाचा स्वभाव चांगला असून त्याच्यांत शांत असा जोम आहे हेंही त्यांनीं ओळखलें होतें. तथापि उपदेश करतां न येणाऱ्यानें परदेशीं जाऊन काय करावें, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येणें साहजिक होतें. निर्णय त्याच्याविरुद्ध होण्याच्या बेतांत असतां मंडळींपैकीं कोणी एकानें त्याची बाजू कळकळीनें मांडली व त्याला आणखी कांहीं महिने मुदत द्यावी असा आग्रह धरिला. मुदत मिळाली, आणि ती संपल्यावर डेव्हिडची निवड झाली. बाजू मांडणाऱ्या त्या गृहस्थाचें नांव चरित्रकारांनीं दिलेलें नाहीं.

१८४० च्या आरंभीं तो लंडनला आला आणि तेथील रुग्णालयांतून वैद्यकाचा अभ्यास पुरा करूं लागला. १८३९ सालीं अफूचें युद्ध पेटल्यामुळें चीनचा मार्ग बंद झाला होता. वेस्ट इंडीजला जाण्याची सूचना झाली ती त्यानें नम्रपणें नाकारली. तेथें वैद्य पुष्कळ होते. इतक्यांत दक्षिण आफ्रिकेंतील कुरूमान येथें बरींच वर्षें काम केलेले रॉबर्ट मॉफट लंडनला आले. त्यांच्या ठाण्याच्या उत्तरेस असंख्य गांवें आहेत आणि तेथें कोणीही सेवक अद्याप गेलेला नाहीं, हें त्यांच्या तोंडून ऐकून त्यानें आफ्रिकेला जाण्याचा निश्चय केला. त्या सालच्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथें त्याची वैद्यकाची परीक्षा झाली. छाती तपासण्याच्या स्टेथोस्कोप यंत्राविषयीं परीक्षकांशीं मतभेद झाल्यानें ती लांबली. पण आपलें मत न सोडतां तो उत्तीर्ण झाला. घरच्यांचा निरोप घेऊन तो निघाला तेव्हां बाप ग्लासगोच्या धक्क्यापर्यंत पोंचवावयास आला. पितापुत्रांची ती शेवटची भेट ठरली. २० नोव्हेंबर रोजीं त्याला दीक्षा मिळाली आणि ८ डिसेंबर १८४० रोजीं जॉर्ज नांवाच्या जहाजानें डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेस निघाले.

येथें त्यांची उमेदवारी संपली असें मात्र कोणी समजूं नये. जहाजाच्या कप्तानाकडून त्यांनीं चंद्र व तारे यांच्या वेधांवरून आपलें स्थान ठरविण्याची विद्या शिकून घेतली. त्यासाठीं ते कधीं कधीं मध्यरात्रीपर्यंत जागत. ओंगरच्या अभ्यासक्रमांत नसलेल्या याच विद्येनें पुढें आफ्रिकेचा नकाशा भरून निघाला. ३१ जुलै १८४१ रोजीं ते कुरूमानला पोंचले. पुढील वर्षीं ते लेपेलोले या ठिकाणीं जाऊन युरोपियन मनुष्याचें तोंडही न पाहतां सुमारें सहा महिने बक्वेन लोकांमध्यें राहिले आणि त्यांची भाषा व चालीरीति शिकले. या वसतिगृहांत गुरु होते गांवकरी, आणि शिष्य होता हा परदेशी वैद्य.

पुढील इतिहास सुप्रसिद्ध आहे. १८५४ सालीं ते पश्चिम किनाऱ्यावर लुआंडास पोंचले व तेथून उलट फिरून १८५६ सालीं पूर्व किनाऱ्यावर क्वेलिमानेस उतरले. परंतु जें खरें तें सांगितलें पाहिजे. १८५८ सालीं निघालेली त्यांची झांबेझीची मोहीम बऱ्याच अंशीं फसली. एकटें चालण्याची शक्ति त्यांच्या अंगीं अपार होती, पण युरोपियन सहकाऱ्यांना सांभाळून घेणें त्यांना जमलें नाहीं, भांडणें झालीं. १८६२ सालीं त्यांची पत्नी मेरी हिनें झांबेझीच्या कांठीं शुपांगा येथें देह ठेविला. त्यांनीं दाखविलेल्या वाटांनीं पुढें युरोपियन सत्ता आफ्रिकेंत शिरल्या, हेंही आज विसरतां येत नाहीं. मात्र गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनीं जें पाहिलें तें जगापुढें मांडलें, आणि १८७३ सालीं झांजीबारचा गुलामांचा बाजार बंद झाला.

त्यांच्या चरित्राचा एक धागा आमच्या महाराष्ट्राशीं जोडलेला आहे. १८६४ सालीं लेडी न्यासा ही आपली लहानशी आगबोट स्वतः चालवीत ते झांजीबारहून पंचेचाळीस दिवसांत मुंबईला आले. गुलामगिरींतून सुटलेले चुमा व विकतानी हे दोन मुलगे त्यांनीं मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेविले. पुढील वर्षीं ते पुन्हां आले व नाशिकजवळील शरणपूर येथें गेले. अरबी समुद्रांत पकडलेल्या गुलामांच्या जहाजांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयानें राहात. त्यांना लिहिणें-वाचणें, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. तेथील नऊ तरुण १८६६ सालीं त्यांच्याबरोबर आफ्रिकेंत गेले. सारेच टिकले नाहींत, आणि त्यांच्याविषयीं डॉक्टरांनीं तक्रारीही लिहून ठेविल्या. पण एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत राहिला. १८७२ सालीं शरणपूरचे आणखी कांहीं तरुण त्यांना जाऊन मिळाले. त्यांतील एक जेकब वेनराइट.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबो या सरदाराच्या गांवीं डॉक्टरांचा अंत झाला. जेकबनें त्यांच्या सामानाची यादी लिहून काढली. हृदय एका झाडाखालीं पुरलें तेव्हां अंत्यविधीच्या प्रार्थना त्यानेंच वाचल्या आणि झाडाच्या बुंध्यावर डॉक्टरांचें नांव कोरलें. मग सुसी, चुमा, गार्डनर, जेकब व त्यांचे सोबती यांनीं तो देह व तीं टिपणें खांद्यावर घेऊन हजार मैलांहून अधिक वाट तुडविली व पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत समुद्रकिनारा गांठला. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर अॅबेमध्यें देह मातीस दिला, तेव्हां शवपेटीस हात लावून चालणाऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता. एका वसतिगृहांत जवळजवळ नापास झालेल्या मनुष्याची शेवटची सेवा दुसऱ्या वसतिगृहांत शिकलेल्यांनीं केली.

आम्ही शिक्षक दरवर्षीं मुलांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहितों, आणि ते लिहिलेच पाहिजेत. वैगुण्य झांकणें हें कांहीं प्रेमाचें लक्षण नव्हे. परंतु शेरा आणि निकाल यांच्यामध्यें थोडी जागा मोकळी ठेवावी, एवढेंच ओंगरच्या गोष्टीवरून आम्ही शिकतों. विद्यार्थ्यांनींही ध्यानांत ठेवावें कीं, लिव्हिंग्स्टन यांनीं त्या मिळालेल्या महिन्यांत रुसून वेळ घालविला नाहीं. ते पुन्हां अभ्यासाला बसले. ज्या कोणीं त्या दिवशीं त्यांच्यासाठीं मुदत मागितली, त्याचें नांव कोणत्याही नकाशावर नाहीं. तरी आफ्रिकेच्या प्रत्येक नकाशांत त्याचा वांटा आहे.